एका जागेचे राखणदार

कतारमधल्या २०२२च्या फुटबॉल विश्वचषकात जपानची एक नंबरची, म्हणजे सहसा पहिल्या गोलरक्षकाची, जर्सी एइजी कावाशिमाच्या अंगावर होती आणि तो एकही मिनिट खेळला नाही. जर्मनीला हरवलं तेव्हा गोलात शुइची गोंदा होता. कोस्टारिकाकडून हरले तेव्हा गोंदा, स्पेनला हरवलं तेव्हा गोंदा, क्रोएशियाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये सगळं संपलं तेव्हाही गोंदाच. दुसरा गोलरक्षक डॅनियल श्मिट. कावाशिमा तिसरा. वय ३९, विश्वचषक चौथा.

ते चारही सामने मी पाहिले. कॅमेरा राखीव खेळाडूंच्या बाकाकडे वळला की माझी नजर आधी त्याला शोधायची. तिसऱ्या गोलरक्षकाला मैदानात उतरायची वेळ जवळजवळ कधीच येत नाही. दमलेला मिडफिल्डर बदलतात, बिनसलेला स्ट्रायकर बदलतात, गोलरक्षक मात्र जायबंदी झाला किंवा लाल कार्ड मिळालं तरच बाहेर येतो. तिसऱ्याची पाळी यायची तर हे दोनदा घडावं लागतं. हे पक्कं ठाऊक असताना तो माणूस महिनाभर रोज सकाळी हातमोजे चढवून सरावाला उतरतो. त्याच्या डोक्यात तेव्हा काय चालत असेल, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही.

कारण मीही दोन वर्षं राखीव गोली होतो. सावंतवाडीपासून जवळच आमचं गाव. गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर, त्यामुळे फुटबॉल आमच्याकडे कुणी मुद्दाम आणावा लागला नाही. भातकापणी झाली की मळा मोकळा व्हायचा. बांबूचे दोन खांब आणि वर ताणलेलं सुंभ, असा आमचा गोल. आमचा पहिला गोली माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता, सगळे त्याला दादाच म्हणत. सामन्याआधी त्याच्यावर बॉल मारून त्याचे हात गरम करून द्यायचे, हे माझं काम. मी सरळ मारले की तो ओरडायचा, "हातात कित्याक मारतस? बाजूक मार!" सामना सुरू झाला की मी बांधावर जाऊन बसायचो. दादाला आज ताप यावा, असं माझ्या मनात कधीच आलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मग त्या विचाराची लाज वाटायची आणि पुढच्या वेळी मी आणखी मनापासून बाजूला बॉल मारायचो.

जपानी वर्तमानपत्रं गोलरक्षकाला 'शुगोशिन' म्हणतात. शुगो म्हणजे राखण, शिन म्हणजे देव. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आमच्या भाषेत हा शब्द तयारच आहे: राखणदार. गावाच्या सीमेवर एखाद्या जुन्या झाडाखाली त्याची जागा असते. वर्षाला त्याचं देणं द्यायचं, नारळ ठेवायचा आणि रात्री-अपरात्री त्याच्या भरवशावर पाणंदीतून चालायचं. एका वेशीला राखणदार एकच. गोलातही तसंच आहे. बाकीच्या दहा जागांवर थोडं सरकून कुणाला तरी सामावून घेता येतं, इथे येत नाही. एकाला उभं करायचं म्हणजे दुसऱ्याला उठवायचं. जपानच्या राष्ट्रीय संघाची गेल्या तीस वर्षांची गोलरक्षकांची कहाणी मला म्हणूनच उठण्या-बसण्याची कहाणी वाटते.

२८ ऑक्टोबर १९९३ या दिवशी दोह्यात इराकनं अगदी शेवटी, भरपाईच्या वेळेत, बरोबरी साधली आणि विश्वचषकात पहिल्यांदा खेळायची जपानची संधी हातातून गेली. त्या रात्री गोलात शिगेतात्सु मात्सुनागा होता, त्या काळातलं जपानमधलं सर्वांत मोठं नाव. दोनच वर्षांत त्याच्याच क्लबात, योकोहामा मारिनोसमध्ये, एकोणीस वर्षांच्या एका पोरानं त्याची जागा घेतली. मात्सुनागा क्लब सोडून गेला. तो पोरगा योशिकात्सु कावागुची. शिझुओका प्रांतातल्या फुजी शहराचा. उंची १८० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे गोलरक्षक म्हणून कमीच.

कावागुचीला जगानं पाहिलं ते २१ जुलै १९९६ला, मायामीत. अटलांटा ऑलिंपिकमधला ब्राझीलविरुद्धचा सामना. जपानचा संघ २८ वर्षांनी ऑलिंपिक फुटबॉलमध्ये पोचला होता आणि त्या दिवशी ब्राझीलनं गोलावर फटकेही २८ मारले. रोनाल्डो, बेबेतो, रिव्हाल्डो, रोबेर्तो कार्लोस. जपानचे फटके अवघे चार. ७२व्या मिनिटाला ब्राझीलचा गोलरक्षक दिदा आणि बचावपटू अल्दाइर एकमेकांवर आदळले, मोकळा सुटलेला चेंडू इतोनं आत ढकलला आणि जपान १-० जिंकला. 'मायामीचा चमत्कार' हे नाव त्याला तेव्हापासून चिकटलं. त्या सामन्याची चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे. वीस वर्षांचा तो मुलगा प्रत्येक चेंडूला असा भिडतो, की जणू हा शेवटचा. अडवलं, उठला, हात उंचावून ओरडला, पुन्हा अडवलं. कौशल्य तर आहेच, पण मला दरवेळी दिसते ती त्याची भूक. इतकं करूनही जपान गटातून पुढे गेला नाही. तीनपैकी दोन सामने जिंकून गोलफरकावर घरी परतला.

१९९८ साली जपान पहिल्यांदा विश्वचषकात उतरला तेव्हा गोलात कावागुचीच होता. त्या संघात एक नंबरची जर्सी मात्र नोबुयुकी कोजिमा नावाच्या बत्तीस वर्षांच्या गोलरक्षकाकडे होती. तो तिसरा होता आणि एकही सामना खेळला नाही. कावागुचीला वीस, दुसरा गोलरक्षक सेइगो नाराझाकीला एकवीस. चोवीस वर्षांनी कतारमध्ये कावाशिमाच्या पाठीवर तोच आकडा दिसला तेव्हा मला कोजिमा आठवला.

मग आला २००२, घरच्या मैदानावरचा विश्वचषक. कावागुची आदल्या वर्षीच इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला गेला होता. जपानी गोलरक्षकानं युरोपात जाऊन खेळायचं, हे तोवर फारसं कुणी ऐकलं नव्हतं. तिथे त्याचं जमलं नाही. गोल होत राहिले, आत्मविश्वास गेला आणि बेचाळीस वर्षांच्या डेव्ह बेसंटनं त्याची जागा घेतली. मायदेशी विश्वचषक सुरू झाला तो कावागुची बाकावर असताना. चारही सामने नाराझाकी खेळला. दोघांच्या वयात वर्षाचंही अंतर नाही आणि दोघांच्या वाट्याला एकच जागा. सर्वोत्तम कोण यावर जपानमध्ये वर्षानुवर्षं वाद झाले असतील. माझं मत विचाराल तर नाराझाकी अधिक भरवशाचा आणि कावागुची मोठ्या रात्रीचा.

२००४च्या आशिया चषकात, चीनमधल्या चोंगचिंगमध्ये, जॉर्डनविरुद्ध शूटआउट झाला. जपानचे पहिले दोघे, नाकामुरा आणि आलेक्स, पेनल्टीच्या ठिपक्याशी पाय घसरून चुकले. कर्णधार मियामोतो थेट रेफरीकडे गेला. जमीन सरकतेय, गोल बदला, म्हणाला. रेफरीनं ऐकलं, सगळे मैदान ओलांडून दुसऱ्या टोकाला गेले. तिथे कावागुचीनं हरलेला सामना ओढून आणला. जपान शूटआउट ४-३ असा जिंकला आणि पुढे तो चषकही. २००६ला जर्मनीत गोलात पुन्हा कावागुची, बाकावर नाराझाकी.

कावाशिमाचा जन्म २० मार्च १९८३चा, सायतामा प्रांतातला. ओमिया आर्दिजा या क्लबातून त्यानं सुरुवात केली आणि २००४ला तो नागोया ग्राम्पसमध्ये गेला. नागोयात गोलात नाराझाकी होता, देशातला पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक. एकवीस वर्षांच्या मुलानं नेमकं तिथेच का जावं? जिथे जागा रिकामी आहे तिथे जायचं, हे साधं व्यवहारज्ञान. तो तीन हंगाम नाराझाकीच्या पाठीमागे राहिला. मी बांधावरून दादाकडे पाहायचो तो कॉर्नरला कुठे उभा राहतो, चेंडू यायच्या आधी कुणाला हाक मारतो, गोल खाल्ल्यावर मान कशी धरतो, हे सगळं. ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. कावाशिमानं नागोयात तीन वर्षं काय पाहिलं असेल याचा अंदाज त्यावरून करतो. २००७ला तो कावासाकी फ्रोंतालेत गेला आणि तिथे त्याला स्वतःचा गोल मिळाला.

२०१०च्या विश्वचषकासाठी प्रशिक्षक ताकेशी ओकादांनी जे तीन गोलरक्षक निवडले, त्या निवडीवर एक वेगळा लेख होईल. एक नंबर नाराझाकी, ३४ वर्षांचा. एकवीस नंबर कावाशिमा, २७ वर्षांचा. आणि तेवीस नंबर कावागुची, तोही ३४ वर्षांचा. आदल्या सप्टेंबरात कावागुचीच्या उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं होतं, तो महिनोन् महिने खेळलाच नव्हता. ओकादांनी त्याला तिसरा गोलरक्षक म्हणून घेतलं आणि संघाचा कर्णधार केलं. मैदानावर दंडाला पट्टी बांधणारा हासेबे, पण खोलीत, बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर संघ सांभाळायचा तो कावागुचीनं. ज्याचं खेळणं जवळपास अशक्य, त्याच्या हाती संघाचं मन. ओकादांच्या या निर्णयाचं मोल मला गोल करणाऱ्या कुठल्याही डावपेचापेक्षा जास्त वाटतं.

स्पर्धेआधी जपान मायदेशी दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला. लोक चिडले. ३० मेला ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये इंग्लंडशी सराव सामना होता आणि गोलात ओकादांनी कावाशिमाला उभं केलं. फ्रँक लॅम्पार्डची पेनल्टी त्यानं अडवली. जपान तोही सामना हरला, आपल्याच बचावपटूंच्या दोन स्वयंगोलांनी, पण जागा ठरून गेली. नाराझाकी बाकावर बसला. ज्या माणसाच्या मागे तीन वर्षं बसून काढली, त्यालाच कावाशिमानं उठवलं होतं. त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये या तिघांत काय बोलणं झालं असेल, किंवा झालंच नसेल, याची कल्पना मी अनेकदा करून पाहिली आहे. कागदावर उरलेली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. त्याच वर्षी नागोयानं जपानमधल्या क्लबांची अव्वल स्पर्धा, जे-लीग, पहिल्यांदा जिंकली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला सेइगो नाराझाकी. गोलरक्षकाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. विश्वचषकातली जागा गेली त्याच वर्षी.

दक्षिण आफ्रिकेत जपाननं कॅमेरूनला १-० हरवलं, नेदरलँड्सकडून ०-१ हरला, डेन्मार्कला ३-१ हरवलं. डेन्मार्कचा सामना आपल्याकडे मध्यरात्री सुरू झाला होता. होंडा आणि एन्दोच्या फ्री किकबद्दल सगळे बोलतात, मला आठवते टोमासनची पेनल्टी. कावाशिमानं ती अडवली, चेंडू परत टोमासनच्या पायाशीच गेला आणि त्यानं तो आत मारला. अडवूनही गोल. पुढच्या फेरीत पॅराग्वेविरुद्ध १२० मिनिटं ०-० आणि मग शूटआउट. कोमानोची पेनल्टी आडव्या खांबावर आदळली. पॅराग्वेच्या पाचही जणांनी गोल केले, कावाशिमाला एकही अडवता आली नाही. कोमानोचा चेहरा सगळ्या जगानं दाखवला. मी मात्र त्या रात्री गोलरेषेवरून परतणाऱ्या कावाशिमाकडे पाहत राहिलो.

सात महिन्यांनी कतारमध्ये, आशिया चषकात, सीरियाविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं. उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाशी पुन्हा शूटआउट. या वेळी त्यानं पहिल्या दोन्ही पेनल्टी अडवल्या. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाचा क्यूएल एकटा त्याच्यासमोर आला, तेव्हा कावाशिमाचा पाय आडवा गेला. जपान १-० जिंकला.

तोवर तो बेल्जियममध्ये लिअर्स क्लबात होता. ऑगस्ट २०११मध्ये बेर्शोटविरुद्धच्या सामन्यात त्याच्या गोलामागे बसलेल्या काही जणांनी 'कावाशिमा, फुकुशिमा' असा गजर सुरू केला. त्सुनामी आणि अणुभट्टीच्या दुर्घटनेला जेमतेम पाच महिने झाले होते. कावाशिमा रेफरीकडे गेला, सामना काही वेळ थांबला. शेवटी तो डोळे पुसत मैदानाबाहेर आला. बचावपटू पुढे पळून जाऊ शकतो, गोलरक्षकाला पंचेचाळीस मिनिटं त्याच लोकांकडे पाठ करून उभं राहावं लागतं. आपल्या माणसांच्या मरणाची थट्टा पाठीमागे ऐकत समोरच्या चेंडूवर डोळा ठेवायचा. हे लिहितानाही मला संताप येतो.

कावाशिमाबद्दल सांगताना भाषा सुटता कामा नये. ओमियात असतानाच तो इटलीत पार्माला सरावासाठी जाऊन आला होता, तेव्हापासून त्यानं इटालियन शिकायला घेतली. पुढे इंग्रजी, फ्रेंच आणि आणखीही भाषा. खेळाडूंनी भाषा शिकाव्यात म्हणून त्यानं एक उपक्रमही सुरू केला. हा छंद नव्हे, गोलीचं ते हत्यारच आहे. अख्ख्या मैदानात सगळा खेळ समोर दिसणारा तो एकटा. मागून कोण धावत येतंय, भिंतीत किती जण हवेत, उजवा बचावपटू किती पुढे गेलाय, हे त्यानं ओरडून सांगायचं असतं आणि सांगितलेलं समोरच्याला कळायचं असतं. फ्लेमिश बोलणाऱ्या गावातून तो फ्रेंच बोलणाऱ्या लिएजला गेला, तिथून स्कॉटलंडला, तिथून फ्रान्सला. प्रत्येक ठिकाणी 'डावीकडे बघ' हे नव्यानं शिकायचं.

स्कॉटलंडच्या आधी २०१५मध्ये एक काळ असा आला, की त्याच्याकडे क्लबच नव्हता. राष्ट्रीय संघातली जागाही गेली. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी आशियातला विजेता गोलरक्षक कुणाच्या तरी बोलावण्याची वाट पाहत सराव करत होता. मग डंडी युनायटेडनं घेतलं आणि त्याच हंगामात तो संघ खालच्या श्रेणीत गेला. २०१६ला फ्रान्सच्या मेट्झनं घेतलं ते तिसरा गोलरक्षक म्हणून. तिसरा! विश्वचषकात दोनदा देशासाठी उभा राहिलेला माणूस. त्यानं ते स्वीकारलं आणि पुढच्या हंगामात मेट्झच्या गोलात तोच होता.

म्हणूनच २०१८ला रशियात तो पुन्हा गोलात दिसला तेव्हा मला फार बरं वाटलं आणि लगेच जीव टांगणीला लागला. कोलंबियाच्या किंतेरोनं फ्री किक घेतली, भिंतीतले खेळाडू उडाले आणि चेंडू त्यांच्या पायांखालून जमिनीलगत गेला. कावाशिमानं तो धरला, वर काढला, आत गेलाच नाही असं हातवारे करून सांगितलं. गोलरेषेवरच्या यंत्रानं आत गेल्याचं सांगितलं. सेनेगलविरुद्ध एक साधा चेंडू त्यानं धरायच्याऐवजी ठोसा मारून परतवला, तो समोर उभ्या असलेल्या सेनेगलच्या सादिओ मानेच्याच अंगावर गेला आणि तिथून गोलात. ही चूक होती, तिला दुसरं नाव नाही. जपानमध्ये त्याला बदलण्याची मागणी सुरू झाली. प्रशिक्षक निशिनोंनी पोलंडविरुद्ध सहा खेळाडू बदलले, गोलरक्षक बदलला नाही. उलट कर्णधाराची पट्टी त्याच्या दंडाला आली. व्होल्गोग्राडच्या उन्हात ग्रोसिकीचं हेडर कोपऱ्यात जात असताना तो उजवीकडे झेपावला आणि चेंडू रेषेवरून बाहेर ओढला. बोटभर उशीर झाला असता तर ते यंत्र पुन्हा बोललं असतं. जपान ०-१ हरला, पण सेनेगलपेक्षा पिवळी कार्डं कमी होती म्हणून पुढे गेला. एका गोलाचा फरक आणखी वाढला असता तर गेलाच नसता.

मग बेल्जियम. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, बाहेर जुलैचा पाऊस. ५२व्या मिनिटाला जपान २-० पुढे. मग व्हर्टोंगेनचं ते उंच, वळसा घेत उतरणारं हेडर त्याच्या डोक्यावरून आत गेलं. त्याच्या दोन पावलांच्या चुकीबद्दल खूप लिहिलं गेलंय, बरोबरच लिहिलं गेलंय. त्यानंतर फेलेनी. २-२. ८६व्या मिनिटाला शादलीचं हेडर त्यानं अडवलं आणि पडल्यापडल्या उठून लगेच लुकाकूचंही. त्या दोन सेकंदांविषयी कुणी फारसं बोलत नाही. भरपाईच्या वेळेत जपानचा कॉर्नर बेल्जियमच्या कोर्त्वानं हवेतच झेलला आणि चेंडू डी ब्रॉयनाकडे सोडला. तिथून शादलीच्या गोलापर्यंत काही सेकंद लागले. एका गोलरक्षकानं सुरू केलेली चाल दुसऱ्या गोलरक्षकापाशी येऊन थांबली. मी टीव्ही बंद करून बराच वेळ ओट्यावर बसलो होतो.

त्यानंतर स्ट्रासबर्ग. पुन्हा तिसरा गोलरक्षक. दोन हंगाम जवळजवळ काहीच नाही, मग पहिल्या गोलरक्षकाच्या टाचेची दुखापत आणि २०२०-२१च्या हंगामात सदतीस-अडतीस वर्षांचा कावाशिमा फ्रान्सच्या वरच्या श्रेणीत आठवड्यामागून आठवडे उभा. कुणाच्या तरी दुखण्यातूनच आपली पाळी येते, हे गोलीइतकं कुणाला कळत नाही. त्या पाळीला लायक राहायचं तर कुणाचं वाईट न चिंतता रोज तयार असावं लागतं. मला बांधावर बसून ते दोन वर्षांतही पुरतं जमलं नाही. कावाशिमाला जमलं असावं. नाहीतर कतारसाठी, ९५ सामने खेळलेल्या माणसाला, 'या वेळी तू तिसरा' असं सांगून संघात घेण्याची हिंमत कुठल्या प्रशिक्षकानं केली असती? कावागुचीनं २०१०ला जे केलं ते कावाशिमानं शेजारी बसून पाहिलं होतं. जागा गेलेला नाराझाकी क्लबात परत जाऊन सर्वोत्तम ठरला, तेही पाहिलं होतं.

२०२४ला तो जपानला परतला, ज्युबिलो इवाता क्लबात. १ मार्चला इवाताचा सामना कावासाकीशी होता, तोदोरोकीच्या मैदानावर. २०१०च्या उन्हाळ्यात युरोपला निघाला तो याच मैदानावरून. तेव्हा २७ वर्षांचा होता, आता चाळीस पूर्ण. त्या संध्याकाळी कावासाकीनं चार गोल केले. चार. कुठल्याही गोलरक्षकाला झोप लागू नये इतके. आणि पलीकडच्या टोकाला इवातानं पाच केले.